रोलरसमोरची प्रार्थना

आमच्या लाँड्रीत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. तशी ती खूप ठिकाणी होत असेल, त्यात काही वावगं नाही. पण आमच्याकडे प्रार्थना माझा धाकटा भाऊ करतो, आणि तो देवाचं नाव घेऊन आमच्याशी बोलतो.

"हे प्रभू, आमच्या काही भगिनींना घरून वेळेवर निघण्याची सद्बुद्धी दे." म्हणजे घडीवाली मावशी काल उशिरा आली. "हे प्रभू, तू दिलेली प्रत्येक वस्तू जपून वापरायला आम्हाला शिकव." म्हणजे धुलाईवाल्याने परवा साबणाची पावडर जास्त ओतली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, हात बांधलेले. उलट बोलायची सोयच नाही. माणसाने टोमणा मारला तर त्याला परतवता येतो, प्रार्थनेला काय उत्तर देणार? वर शेवटी सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हणायचं, म्हणजे आपलीच कानउघाडणी आपणच गोड मानून घ्यायची.

हे आमच्या घरात वडिलांपासून चालत आलंय. शाळेत मार्क कमी पडले की वडील आम्हाला काही बोलायचे नाहीत, जेवणाआधी देवाला सांगायचे. आईचा एखादा पदार्थ खारट झाला तर तोही थेट वर कळवला जायचा. एकदा आई इतकी भडकली की तिने आमेन म्हटलंच नाही. वडील थांबले. जेवण पार गार होईपर्यंत आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो, आणि धाकटा एका डोळ्याने ताटाकडे बघत होता. आज तोच धाकटा आमच्या चर्चच्या मंडळीत 'वडील', म्हणजे कारभार बघणारा पंच, म्हणून निवडून आलाय, आणि त्याचे दोन्ही डोळे अगदी घट्ट मिटतात.

मी इथे सगळ्यांची ताई. नवरा गेल्यावर धाकट्याने मला वरच्या मजल्यावरची खोली दिली आणि खाली लाँड्रीत देखरेखीचं काम दिलं. ते त्याचे उपकार आहेत, मी नाकारत नाही. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे पलंगपोस, उशांचे अभ्रे, टॉवेल, असं सगळं आमच्याकडे मळकं येतं आणि पांढरंशुभ्र होऊन जातं. मोठ्या कपड्यांना इस्त्री करायला एक रोलर आहे. वाफेवर तापलेला, माणसाच्या उंचीपेक्षा लांब लोखंडी रोलर. एका बाजूने ओली चादर सरळ धरून आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक आणि गरम बाहेर येते. तिकडे मावशी ती झेलते आणि घडी घालते.

या रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी आहे. चादरीबरोबर हात आत जायला लागला तर आधी या पट्टीला लागतो, आणि मशीन जागच्या जागी थांबतं. चांगली सोय आहे. पण हॉटेलच्या पलंगपोसांची किनार दुहेरी असते, ती जाड किनारही पट्टीला लागायची आणि मशीन थांबायचं. दर थोड्या वेळाने थांबायचं. मेकॅनिकला बोलावून पट्टीची स्प्रिंग बदलायची तर रोलर दिवसभर बंद ठेवावा लागणार, आणि हॉटेलवाले काही थांबायला तयार नसतात. मग धाकट्याने तोडगा काढला. जुन्या चादरीची एक चिंधी फाडली आणि पट्टी वर उचलून बांधून टाकली. "हे बघ, असं बांधायचं," त्याने रोलरवाल्या बाईला दाखवलं. "सकाळी आल्या आल्या."

रोलरवाल्या बाईला आम्ही रेडिओ म्हणायचो. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती दिवसभर बोलत असायची. नवऱ्याच्या घोरण्यापासून शेजारणीच्या मांजरीपर्यंत कुठलाही विषय तिला चालायचा. ती आमच्या मंडळीतली नव्हती, चर्चमध्ये तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. येशूबद्दल तिला जे काही कळलं असेल ते सकाळच्या या प्रार्थनेतून आणि आमच्या वागण्यातून. आता ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण रोज काय व्हायचं ते ऐका. धाकटा रोलरसमोर उभा राहून म्हणायचा, "हे प्रभू, या मशीनवर तुझा हात ठेव. आमच्या भगिनीचे हात सुरक्षित ठेव." आम्ही आमेन म्हणायचो. आणि आमेन म्हणून झालं की रेडिओ खिशातून चिंधी काढायची आणि पट्टी वर बांधायची. आधी देवाला सांगायचं की हात सांभाळ, आणि मग जी वस्तू हात सांभाळायला केलीय ती बांधून ठेवायची! रोज! मी एकदा धाकट्याला म्हटलंही, की हे बरोबर नाही. तो हसला. "ताई, आजवर कुणाला काही झालंय का? त्याची कृपा आहे आपल्यावर."

झालं ते हॉटेलची मोठी ऑर्डर होती त्या दिवशी. पलंगपोसाचं टोक दुमडलं गेलं, ते सरळ करायला रेडिओने हात पुढे घातला आणि किनारीने तो हात आत ओढला. ती काहीतरी सांगत होती, तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं आणि मग ती ओरडली. मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. दोन बोटं गेली. बाकीचा हात मनगटापर्यंत भाजला.

धाकट्याने तिला स्वतःच्या गाडीत घातलं. सीटवर रक्त सांडलं त्याची पर्वा केली नाही. रस्ताभर मोठमोठ्याने प्रार्थना करत होता, दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होता. खोटं नव्हतं ते रडणं, माझा भाऊ आहे, मला कळतं. तो अगदीच दगड असता तर मला एवढा संताप आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँड्रीत गेले तर पट्टी खाली होती. चिंधी कुठेच नव्हती. पट्टीवर जिथे चिंधी बांधली जायची तिथला रंग घासून गेला होता, तेवढ्या जागेवर ताजा रंग मारलेला. रंग अजून ओला होता, माझ्या बोटाला लागला. मी त्या बोटाकडे बघत उभी होते तेव्हा धाकटा मागून आला आणि म्हणाला, "ताई, आजपासून पट्टी बांधायची नाही, सगळ्यांना सांग."

"आणि काल?"

"काल काय? काल तिने स्वतःच बांधली होती ना?"

 तिने स्वतःच बांधली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन होतं येशूच्या मागे चालण्यावर. बोलले छान. म्हणाले, रविवारचे कपडे घालून त्याच्या मागे चालणं सोपं आहे, तो सोमवारी तुमच्या दुकानात येतो तेव्हा तुम्ही त्याला कुठे बसवता ते बघा. अर्धं मन देऊन भागत नाही, सगळं द्यावं लागतं. मी मान डोलावली. माझ्यापुढच्या बाकावर धाकट्यानेही डोलावली. मग साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ आली आणि हा उभा राहिला. आमच्या लाँड्रीत अपघात झाला, म्हणाला, पण प्रभूने आमच्या भगिनीचे प्राण वाचवले. त्याच्या सामर्थ्याची थोरवी बघा. सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं, दोघी-तिघींनी डोळे पुसले. रेडिओसाठी मोठी प्रार्थना झाली.

देवाने प्राण वाचवले! बटण मी बंद केलं. आणि बोटं कुणी घालवली ते का नाही सांगितलंस साक्षीत? मला तिथल्या तिथे उठून ओरडावंसं वाटत होतं. मी हातातली स्तोत्रांची वही पिळत बसले. उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेबांना गाठलं आणि पट्टीचं, चिंधीचं, रंगाचं सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा चेहरा पडला होता.

"ताई, मोठी गंभीर गोष्ट आहे. पण भाऊ-बहिणीतली आहे. घरात मिटवा. प्रार्थना करा."

"पाळकसाहेब, प्रार्थना थांबवा म्हणून तर तुमच्याकडे आले."

त्यांना ते कळलं नाही, किंवा कळून वळलं नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात हातात घ्यायला ते पुढे सरकले.

मी काही संतीण नाही. माझी जीभ तिखट आहे, मंडळीतल्या बायका मला जरा लांबूनच नमस्कार करतात. पण माझा येशूवर विश्वास आहे. तो सुताराच्या घरात वाढला. करवत, पटाशी, रंधा हाताळणारा माणूस होता तो. हत्याराने बोट कापलं तर काय होतं, आणि कामगाराचं बोट गेलं म्हणजे नुसतं बोट जात नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याचं नाव घेऊन कुणी रंगाचा ब्रश फिरवला की माझं डोकं फिरतं.

मग कळलं की कारखान्यांची तपासणी करणाऱ्या मॅडम गुरुवारी येणार आहेत. चूक कुणाची ते त्या ठरवणार. बाईची चूक ठरली तर तिला कामावरून काढता येणार, दवाखान्याचा भार तिच्याच डोक्यावर, आणि हातात दोन बोटं कमी असलेल्या, निष्काळजी म्हणून नाव पडलेल्या बाईला पुन्हा काम कोण देणार?

बुधवारी संध्याकाळी खाली जेवायला बसलो. धाकटा, भावजय आणि मी. धाकट्याने डोळे मिटले.

"हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो. प्रभू, या घरात कुणाच्या मनात कडवटपणा शिरला असेल तर तो काढून टाक. ज्या छपराखाली आपण राहतो त्या छपराची आठवण प्रत्येकाला राहू दे."

"आमेन," भावजय म्हणाली. एरवी ती पुटपुटते, आज चांगलं खणखणीत म्हणाली.

"आमेन," मीही म्हटलं. "आता डोळे उघड आणि माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"छपराबद्दल देवाला काय सांगत होतास? मला सांग. मी इथेच बसलेय, हाताच्या अंतरावर."

धाकट्याने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. "ताई, उद्या मॅडमने तुला विचारलं तर एवढंच सांगायचं. पट्टी कोण बांधायचं? रेडिओ. बस. यात एक तरी शब्द खोटा आहे का?"

"नाही."

"मग?"

"एकही शब्द खोटा नाही आणि सगळं मिळून खोटं आहे. असं बोलायला डोकं लागतं. तुझं ते पहिल्यापासून चांगलं."

"वन्सं, जेवण गार होतंय," भावजय म्हणाली.

"होऊ दे. या घराला गार जेवायची सवय आहे."

धाकटा चिडला. तो चिडला की हळू बोलतो. "तुला काय वाटतं, मला झोप लागते? त्या बाईचा हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण उद्या लाँड्रीला टाळं लागलं तर मावशी कुठे जाईल? धुलाईवाला? ती सगळी माणसं? तू कुठे जाशील? एका बाईसाठी सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायचा का? मी तिला काय वाऱ्यावर सोडणार आहे? गुपचूप मदत करीन मी. मंडळीतून वर्गणी काढू."

"म्हणजे तिची चूक म्हणायचं, आणि वर तिच्यावर दया करायची."

"ताई, मी काय वाईट माणूस आहे का?"

"नाहीस रे," मी म्हटलं. "वाईट असतास तर बरं झालं असतं. मी तुझ्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू चांगला आहेस. तू तिच्यासाठी रडतोस, गाडीत घालतोस, वर्गणी काढतोस. फक्त 'मी सांगितलं' हे दोन शब्द तुझ्या तोंडातून निघत नाहीत. बाकी सगळं येशूला देऊन बसलास आणि ते दोन शब्द तेवढे खिशात ठेवलेस."

तो ताट तसंच ठेवून उठला. भावजय माझ्याकडे न बघता वाट्या गोळा करायला लागली.

गुरुवारी मॅडम वेळेच्या आधीच आल्या. बारीक चणीची बाई, पायात साधे बूट, हातात एक छोटी बॅटरी. आम्ही नुकतेच रोलरसमोर गोल करून उभे राहिलो होतो. धाकटा म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं. आम्ही प्रार्थनेशिवाय काम सुरू करत नाही." मॅडम म्हणाल्या, "हो, हो, करा ना," आणि बॅटरी छातीशी धरून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. प्रार्थना करणारी माणसं, बहुतेक खरं बोलत असतील, असं त्यांना वाटलं असणार. कुणालाही वाटेल.

"हे प्रभू," धाकट्याने सुरुवात केली, "आज आमच्याकडे पाहुण्या आल्या आहेत, त्यांच्या कामावर आशीर्वाद दे. आमच्या जखमी भगिनीला लवकर बरं कर. तिच्या हातून घडलेल्या चुकीबद्दल आमच्यापैकी कुणाच्याही मनात तिच्याविषयी राग राहू देऊ नको. आणि प्रभू, रागाच्या भरात कुणाची जीभ घसरू देऊ नको. या छोट्याशा कुटुंबाला एकत्र ठेव." मग नेहमीप्रमाणे म्हणाला, "आता आमची ताई शेवट करील."

तिच्या हातून घडलेली चूक! तिला क्षमासुद्धा करून टाकली! मी डोळे मिटले होते, पण मिटलेल्या डोळ्यांपुढे लाल दिसत होतं.

शेवट नेहमी मीच करते, वयाने मोठी म्हणून. एखादं वाक्य आणि आमेन. "हे प्रभू," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं जिभेवर तयार होतं. हे प्रभू, तुला माहीत आहे चिंधी कुणी फाडली. तुला माहीत आहे रंग कुणी मारला. असं सगळं सांगून टाकायचं, मॅडम ऐकतीलच, आणि धाकट्याला मला अडवता येणार नाही. आमच्या घरात प्रार्थना करणाऱ्याला कुणी अडवत नाही. त्याची चाल त्याच्यावरच उलटली असती. मला क्षणभर आनंद झाला. खरंच झाला.

आणि मग मला माझी किळस आली. बापाची शोभतेस, असं मनात आलं. मीही तेच करायला निघाले होते. देवाला पुढे करून त्याच्या आडून दगड मारायचा. ज्या देवाला मी सांगणार होते त्याला सगळं माहीतच होतं, तो त्या दिवशी इथेच होता. माहीत नव्हतं ते मॅडमना.

"आमेन," मी म्हटलं आणि डोळे उघडले.

बाकीच्यांचे अजून मिटलेलेच होते, एवढ्या लवकर संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "ही पट्टी बांधून ठेवायला माझ्या भावाने सांगितलं. बांधायची ती बाई, पण सांगितलं याने. पहिली गाठ याने स्वतः मारून दाखवली, माझ्यासमोर. त्यानंतर ती रोज सकाळी बांधली जायची, प्रार्थना झाल्या झाल्या, आम्हा सगळ्यांच्या देखत. अपघात झाला त्या दिवशीही बांधलेली होती. इथे नवा रंग मारलाय बघा, त्याच्याखाली घासल्याची खूण आहे."

मशीन सुरू नव्हतं. ड्रायरही बंद होते. 

"ताई," धाकटा म्हणाला. फक्त एवढंच.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीजवळ गेल्या, बॅटरी पेटवली, नखाने रंग खरवडला. "आणखी कुणी पाहिलंय हे?" त्यांनी विचारलं.

 मी मावशीकडे बघितलं नाही, मुद्दाम नाही. तिचा मुलगा घरी बसून आहे, तिला ही नोकरी हवी आहे. तिला कुणी बोलायला लावू नये, मी तर मुळीच नाही. धुलाईवाला जमिनीकडे बघत होता. मग मावशी स्वतःच म्हणाली, "ती रजेवर असली की मी बांधायचे. मलाही भाऊंनीच सांगितलं होतं." आणि रडायला लागली.

मॅडमनी रोलरला सील ठोकलं. स्प्रिंग बदलून तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही, बाकीची लाँड्री चालू ठेवा, म्हणाल्या. टाळं वगैरे काही लागलं नाही. पुढे काय होईल ते नंतर कळवतील. त्या गेल्यावर धाकटा माझ्याजवळ आला. मला वाटलं आता फुटेल. पण तो हळू आवाजात म्हणाला, "प्रार्थनेत हे करायला नको होतंस."

"प्रार्थनेत केलं नाही. आमेन म्हणून मग केलं."

"खोलीचं बघ काय ते," तो म्हणाला, आणि ऑफिसचं दार लावून घेतलं.

बघीन. खोली मिळेल कुठेतरी, नाही मिळाली तर त्याचंही बघीन. खरं सांगते, लाँड्रीबाहेर पडले तेव्हा मला हलकं वाटत होतं. छाती पुढे काढून चालत होते मी. पाळकसाहेबांच्या प्रवचनात शोभेल असं काहीतरी आपण केलं, असं वाटत होतं. त्याच तोऱ्यात रेडिओच्या घरी गेले.

तिचं घर म्हणजे एक खोली, एका कोपऱ्यात शेगडी, खिडकीत वाळत घातलेले कपडे. नवरा कामावर गेला होता. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, बांधलेला हात उशीवर ठेवलेला. केस विस्कटलेले, गुंता होऊन मानेवर चिकटलेले. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. मॅडम, पट्टी, रंग, मावशी. माझं वाक्य न वाक्य सांगितलं. ती ऐकत होती. जी बाई मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची ती एका शब्दाने मध्ये बोलली नाही.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "झालं?"

"हो. आता तुझ्यावर काही येणार नाही."

"ताई, तू रोज माझ्या शेजारी उभी असायचीस."

"हो."

"मी चिंधी बांधायचे तेव्हा."

मी मान हलवली.

"आज जे बोललीस ते बोलायला किती वेळ लागला?" तिचा आवाज चढला, अगदी पूर्वीसारखा, खोलीबाहेर ऐकू जाईल असा. "एक मिनिट? मग हे एक मिनिट तुला आधी का नाही मिळालं? तुझा भाऊ म्हणायचा हात सांभाळ, आणि तू आमेन म्हणायचीस. मला वाटायचं, ही एवढी देवाची माणसं म्हणतायत म्हणजे ठीकच असेल. मी तुमच्या भरवशावर हात घातला! आता आलीस मला खरं सांगायला. खरं काय आहे ते मला माहीत आहे, हे बघ, हे इथे आहे!" तिने उशीवरचा हात उचलला, कळ आली तशी डोळे घट्ट मिटून परत ठेवला. "तुमच्या चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली म्हणे. एकजण आला नाही इथे. एकजण नाही."

रागवायचा मक्ता माझ्याकडे आहे असं मी आजवर समजत होते.  मी एकदाच म्हटलं होतं धाकट्याला, आणि तो हसल्यावर गप्प बसले होते. तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं. हे तिला सांगून काय उपयोग होता? मी स्टुलावरून उठले. "येते मी," असं काहीतरी पुटपुटले.

"कुठे चाललीस?" ती म्हणाली.

"तुला त्रास नको म्हणून."

"त्रास द्यायचा तो दिलाच आहेस. आता बस." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "एका हाताने केस बांधता येत नाहीत. नवऱ्याला येत नाही. शेजारीण दोन दिवस आली, मग तिलाही तिची कामं आहेत. तिथे खिडकीत कंगवा आहे. आलीच आहेस तर वेणी घाल. आणि प्रार्थना करू नकोस."

मी कंगवा घेतला आणि तिच्या मागे पलंगावर बसले. गुंता फार होता. खालच्या टोकापासून सोडवत वर आले. दोनदा ती ओरडली, एकदा तिने मला शिवी दिली, आणि मी हात हलका केला. तेलाची बाटली कुठे आहे ते विचारलं, ती म्हणाली संपलीय. केसांचे तीन भाग केले आणि वेणी घालायला घेतली.

"घट्ट घाल," ती म्हणाली. "ढिली घातलीस तर रात्रीत सुटेल. मग उद्या परत यावं लागेल तुला."

"उद्या यायचंच आहे," मी म्हटलं.

 मी वेणी घट्ट घातली.